वस्तादांचा राखीव डाव

वस्तादांनी काउंटरवर टाकलेल्या रिकाम्या पाकिटावर लाल रेघ दिसली आणि मी नाव वाचलं: अँटिबायोटिक. ही रेघ असली की डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय गोळी द्यायची नसते. पण वस्ताद रंगराव मगदुमांकडे चिठ्ठी मागणं म्हणजे वाघाकडे ओळखपत्र मागणं. आमच्या औषधदुकानाचा गाळाही त्यांचाच.

"तालमीतल्या समद्या पोरांस्नी सर्दी झालीया. ह्याच दे. मागं दोनच गोळ्यांत नाक मोकळं झालं."

"ते आपोआप झालं असेल, वस्ताद," मी पुटपुटले. "सर्दीला ही गोळी लागतच नाही."

"मला शिकवतीस? सांगू काय तुझ्या मालकाला, गाळा रिकामा कर म्हणून?"

माझ्या हातातली कात्री पडली आणि तिच्या आवाजाला मीच दचकले. गावातल्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला, तर तो नुसताच वाजत राहिला. शेवटी तोंडातून निघून गेलं, "वस्ताद, तुमचा राखीव डाव तुम्ही रोजच्या सरावात का दाखवत नाही?"

"खुळी का काय! समोरचा त्याची तोड शिकंल की. मग ऐन मैदानात काय करू?"

"पोरांच्या अंगातले जंतूही बघतच असतात. साध्या शिंकेला तुम्ही त्यांना राखीव डाव दाखवता, तोही दोन गोळ्यांत अर्धवट सोडून. उद्या एखाद्याला न्यूमोनिया झाला, तर डॉक्टरांनी कुठला डाव टाकायचा?"

मिशीकडे निघालेला वस्तादांचा हात वाटेतच थांबला. त्यांनी पाकीट चुरगाळून खिशात घातलं.

"लाव त्या बाईंना परत," ते हळूच म्हणाले. "काढा चालंल का, इचार."

या वेळी पलीकडून आवाज आला, "हं, बोल गं."