ठकूबाईचं आवतण

एक होता राजा. त्याला कधी कुणी जेवायलाच बोलावलं नव्हतं. राजाला कोण बोलावणार? सगळे घाबरायचे.

एकदा काय झालं, गावात पोळ्याची तयारी चालली होती. राजा फणफणला. "आमच्याशिवाय कसला सण?" मग शिपाई सुटले. आधी त्यांनी दारांची तोरणं तोडली. मग बैलांच्या झुली नेल्या. आणि तिसऱ्या खेपेला, बरं का, लोकांच्या तोंडातून 'सण' हा शब्दच ओढून काढला! हंड्यात कोंबला, वर लाखेचं बूच, आणि हंडा ठेवला दरबारात. माणसं "उद्या आपला..." म्हणायची आणि नुसता आ वासायची.

मग दवंडी झाली. उद्या जो बैल कामाला जुंपलेला नसेल, तो राजाचा.

ठकूबाई तेलणीकडे एकच बैल, चांद्या. तो घाणा ओढायचा, तेव्हा तिची चूल पेटायची. शेजारीण म्हणाली, "ठके, गप जुंप हो. नसती आगळीक नको."

"बारा महिने तो ओढतो. एक दिवस मी वाढते. त्यात राजाचं काय जातं गं?"

मग संध्याकाळी तिनं चांद्याचा खांदा तूप-हळदीनं मळला. कानात म्हणाली, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." शिपाई भिंतीला कान लावून होता. पण यात कोंडलेला शब्द होता कुठे? गेला हात हलवत. आणि घरोघरी तेच आवतण निघालं!

सकाळी एकही बैल जुंपला नाही. शिपायांनी चांद्याला ओढत दरबारात नेलं. मागे गावचे सगळे बैल. त्यांच्यामागे ठकूबाई, हातात पुरणपोळ्यांचं ताट.

"बैल आमचा," राजा गरजला.

"आधी जेवेल. आवतण दिलंय मी."

चांद्यानं एक पोळी खाल्ली. दुसरी खाल्ली. तिसरीला खुशीत अशी मान उडवली, की शिंग हंड्यालाच! बूच उडालं. गावभर एकच ओरडा, "सण! सण!"

राजाला पुरणाचा वास आला. हळूच म्हणाला, "आम्हाला?"

"तुम्हाला आवतण कुठंय? ते आदल्या दिवशी देतात. दावं सोडा, मग पुढच्या वर्षी बघू. पण तुमच्या पालखीचे भोई आधी जेवतील."

राजानं दावं सोडलं. पुढच्या वर्षी आला, आणि पंगतीत शेवटी बसला.

तेव्हापासून त्या गावात सण म्हणजे काय, विचारलं तर सांगतात, ज्याच्या खांद्यावर ओझं, त्याला पहिलं आवतण.

चांद्या जेवला, ठकूबाई जेवली, राजासुद्धा जेवला. आता मिटा डोळे. तुमची आई कामावरून येईस्तोवर मी आहे इथे. तिचं ताट झाकून ठेवलंय.