कोंडलेला ‘सौम्य’

एका राज्यात एक शब्द चोरीला गेला आणि बाकी सारे जागच्या जागी असूनही राज्याची पुरती दैना झाली. शब्द होता ‘सौम्य’. राजा शूरकेतूने मांत्रिक कालंजयाला भर दरबारातून, त्याचे म्हणणे ऐकूनही न घेता, हाकलून दिले होते. त्या रागात कालंजयाने तो शब्द साऱ्यांच्या जिभेवरून उपटला आणि आपल्या कड्यावरच्या गुहेत कोंडला. तेव्हापासून ऊन सकाळपासूनच भाजून काढी. आमटी जहाल, बोलणे त्याहून जहाल. देवळातले पुजारीसुद्धा आधी आरती कोणी करायची यावरून हातघाईवर येत. राजाचे तर विचारूच नका, तो मुळातच तापट.

राजकन्या मृण्मयीचा जीव मात्र धाकट्या भावासाठी तुटत होता. अंशुमान तापाने फणफणला होता आणि राजवैद्य जे औषध उगाळी ते असे कडक होई, की पोराच्या ओठांना फोड येत.

खिडकीवर चंडोल येऊन बसला. म्हणाला, “राजकन्ये, कड्यावर जा. वाटेत तीन कामे लागतील, ती कर, शब्द सुटेल.”

मृण्मयी निघाली. वाटेत निखारे पसरले होते. ती धावली नाही. ते विझेपर्यंत बसून राहिली आणि मग राखेवरून चालत गेली. पुढे एक उधळलेली घोडी होती, तिला पाणी पाजायचे होते. मृण्मयीने बादली ठेवली आणि पाठ फिरवली. घोडी आपणहून आली.

तिसरे काम गुहेच्या दाराशी होते. “शब्द माग,” आतून कालंजय म्हणाला.

आता राजघराण्याची रीत अशी, की मागायचे नसते, फर्मान काढायचे असते. “राजकन्येची आज्ञा आहे, शब्द हजर कर,” मृण्मयी म्हणाली. दार हातभर जाड झाले. तिने आवाज चढवला. दार आणखी जाड झाले.

मग तिचे अवसानच गळाले. ती खाली बसली. “माझा भाऊ वाचायला हवा,” ती म्हणाली. “वडिलांनी आपला अपमान केला, ते चुकले. मला तो शब्द द्याल का?”

“एवढेच हवे होते,” कालंजय म्हणाला आणि दार उघडले.

शब्द तिच्याआधी नगरात पोचला. ऊन कोवळे झाले. वैद्याने औषध सौम्य करून दिले, पोराने ते निमूटपणे गिळले. संध्याकाळी ताप उतरला.

राजा अंशुमानाच्या दालनात आला, तेव्हा परतलेली मृण्मयी भावाच्या उशाशी बसली होती. त्याने तोंड उघडले, तसे सारे सवयीने कानांवर हात ठेवून उभे राहिले.

“बाळा,” राजा हळूच म्हणाला, “पाणी हवे का?”

त्याने आजवर कोणाला काही विचारलेच नव्हते. मृण्मयीला रडू फुटले.