मुंगसाचा शोध

डबक्याकाठच्या एका रानात एक मुंगूस राहत असे. ते हुशार होते, कष्टाळू होते, आणि अलीकडे फार थकलेले होते. त्या रानात दर उन्हाळ्यात सशांची पिल्ले पोट बिघडून दगावत. तिथल्या एका श्रीमंत हत्तीला याचे फार वाईट वाटे. त्याने जाहीर केले, "कारण जो शोधील, त्याच्या खाण्यापिण्याचं मी बघीन. त्याने फक्त शोधावं." हत्तीचे मन खरोखरच मोठे होते, त्यात खोट काढायला जागा नाही. हे काम मुंगसाला मिळाले.

मुलांनो, कारण तर मुंगसाला पहिल्याच उन्हाळ्यात सापडले. डबक्याचे साचलेले पाणी मोठ्या जनावरांना पचे, पण पिल्लांना बाधे. काठच्या वाळूत खड्डा खणला, की त्यात झिरपून स्वच्छ पाणी येई. तेवढे पाजले की झाले! पण रीत अशी होती, की शोध सांगायचा तो टेकडीवर, हत्तीच्या सभेत. सभेला गवा, सांबर, मोर अशी बडी मंडळी येत. सशांना आमंत्रण नसे. मुंगसाने सगळे नीट सांगितले. सर्वांनी माना डोलावल्या. हत्तीचा कारभारी कोल्हा म्हणाला, "उत्तम! आता पलीकडचं डबकंही बघा. शोध कसा, भरघोस हवा." पुढच्या उन्हाळ्यात मुंगसाने पलीकडचे डबके पाहिले, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात त्याच्याही पलीकडचे. कारण तेच, उपाय तोच आणि माना डोलावणेही तेच. सांगून सांगून मुंगसाचा घसा बसला. आपले काम आपण केले, आता ज्याचे त्याने बघावे, असे त्याला वाटू लागले.

यंदा ते सभेला निघाले, तेव्हा वाटेत, डबक्याकाठी, एक सशीण आडवी आली. तिचे पिल्लू गवतात मलूल पडले होते. "भाऊ, कारण कळलं का हो? माझी बाकीची गेली. एवढं एकच उरलंय."

"कळलंय," मुंगूस कंटाळून म्हणाले. "डबक्याचं पाणी पाजू नकोस. वाळूत खणून त्यातलं पाज."

"कधी कळलं?"

मुंगूस म्हणाले, "ही पिल्लं जन्मायच्या आधीच."

सशीण त्याच्याकडे बघतच राहिली. "नुसतं खणायचं होतं? अहो, आम्ही ससे! जन्मभर दुसरं करतो काय? मग मला का नाही सांगितलंत?"

"सभेत सांगितलं होतं," मुंगूस पुटपुटले, आणि स्वतःचेच बोलणे ऐकून त्याला लाज वाटली.

भांडायला सशिणीला वेळ नव्हता. ती वाळू उकरू लागली. मुंगूसही उकरू लागले. टेकडीवरून कोल्हा हाका मारत होता, "अहो, सभा खोळंबलीय!" मुंगसाने मान वर केली नाही. वाळूत पाणी चढले. पिल्लाने ते चाटले, आणि पुढे हळूहळू ते सावरले. पण त्या दिवशी, पिल्लू पाणी पीत असताना, सशीण गेलेल्या पिल्लांसाठी मोठ्याने रडली.

तात्पर्य : शोधासाठी खर्च करणाऱ्याला हिशेब जरूर द्यावा, पण उपाय आधी त्याच्या दारी न्यावा, ज्याच्या घरात दुखणे आहे.