उंबऱ्याबाहेरचं ताट

"ताटात एक जरी चूक दिसली, तर ताट उंबऱ्याच्या आत येता कामा नये!" धारोजीराजे पोट धरून ओरडले.

कळकलेली कढी पिऊन ते दोन दिवस आडवे होते. समोर भिवरा मान खाली घालून उभी होती. राजाचं ताट नजरेनं तपासायचं, हात लावायचा नाही, चूक तेवढी सांगायची, हे तिचं काम. तिच्या आईनंही तेच केलं होतं.

"मी सांगितलं होतं, महाराज."

"काय सांगितलंस? चटणी उजवीकडे वाढलीय. मूद कललीय. लिंबात बी राहिलीय. वाटीची कल्हई उडून कढी कळकलीय. पापड करपलाय! रोजची किरकिर! त्यातलं मी काय काय ऐकू? आता बोलायचंच नाही. चूक दिसली की ताट परत!"

"लहान असली तरी?"

"चूक ती चूक!"

दुसऱ्या दिवशी पहिलं ताट आलं. मूद कललेली. परत! दुसऱ्यात लिंबाची बी. परत! तिसऱ्यात चटणी उजवीकडे. परत! आचारी गुंडभट घामाघूम झाले.

"अगं बये, माणसाच्या हातचं ताट आहे हे!"

"हुकूम आहे, काका."

ऊन कललं. पाटावर बसलेल्या राजांच्या पोटात कावळे ओरडू लागले.

"भिवरे! ताट कुठंय?"

"आठ ताटं परत गेली, महाराज. हुकूम मागे घ्यावा."

"माझा हुकूम मागे फिरत नाही! चुकीचं ताट आत येणार नाही, आणि दिवेलागणीच्या आत मी जेवलो पाहिजे. नाहीतर तू गडाखाली!"

गडाखाली भिवराचं कोणी नव्हतं. ती मुदपाकखान्यात गेली, गुंडभटांशी काहीतरी कुजबुजली आणि दोन ताटं आणून तिनं उंबऱ्याबाहेर ठेवली.

"महाराज, हे ताट चित्रासारखं. चूक एकच, कढी कळकलीय. त्या दुसऱ्यात तीन चुका. मूद कलली, लिंबात बी, चटणी भलत्या बाजूला. कुठलं परत पाठवू?"

"कळकलेलं! मारतेस की काय मला?"

"पण त्यात तर चूक एकच!"

राजांनी एकदा या ताटाकडे, एकदा त्या ताटाकडे पाहिलं. गरम भाताचा वास नाकात शिरला. ते उठले, उंबरा ओलांडला, फरशीवरच बसकण मारली आणि कललेली मूद फोडली.

चार घास गेल्यावर त्यांना राजेपण आठवलं.

"भिवरे, हुकूम मोडलास!"

"नाही, महाराज. ताट बाहेरच आहे. आपणच बाहेर आलात!"

राजांना ठसका लागला. "बरं, मग उद्यापासून काय करशील?"

"ज्यानं पोट बिघडेल, ते ताट अडवीन. बाकीचं येऊ देईन. त्या चुका काकांच्या कानावर घालीन."

"आणि चार दिवसांनीही मूद कललेलीच आली, तर? माझं ताट अडवशील?"

"छे! काकांचं!"

राजे खदखदून हसले. उजवा हात भातानं माखलेला, म्हणून डाव्या हातानंच त्यांनी सोन्याचं कडं पुढे केलं आणि मध्येच थबकले.

"डाव्या हातानं देतोय. चूक झाली का गं?"

"झाली, महाराज," भिवरानं कडं घेतलं, "पण अडवण्याजोगी नाही!"