पडक्या कानाचा चतकोर

या, पांघरुणं ओढून घ्या. पाय आत. आजची गोष्ट हसायची नाही बरं का, ही निमूट ऐकायची आहे.

एक होता राजा. त्याच्याकडे हत्ती होते, घोडे होते, शंभर शिकारी कुत्रे होते. नव्हती ती फक्त सवड. राणीने जेवायला बोलावलं की म्हणायचा, "आलोच." लेकीने खेळायला बोलावलं की म्हणायचा, "आलोच." आणि मग दिवेलागण व्हायची. वाईट नव्हता हो तो. पण एकेकाला खोड असते, तशी त्याला ती होती.

एकदा काय झालं, राणी आजारी पडली. खूप आजारी. सकाळी तिने निरोप धाडला, जरा या. राजा दरबारात होता. म्हणाला, "आलोच." दुपारी दुसरा निरोप गेला. "सांगा, आलोच." ऊन उतरताना तिसरा निरोप गेला, तेव्हा मात्र निरोप्याचं तोंड बघून राजा धावत सुटला. पागोटं वाटेत पडलं, जोडा वाटेत पडला. पण तो जिना चढून येईपर्यंत राणी गेली होती. आतून रडण्याचा आवाज आला. राजा उंबऱ्यावरूनच मागे फिरला, आत गेलाच नाही.

तेरावा झाला. चौदाव्या दिवशी राजाने हुकूम काढला. "आजपासून राणीचं नाव कुणी घ्यायचं नाही. कुणी रडायचं नाही. कुणी नुसतं बसून राहायचं नाही. ज्याला काम नाही, त्याला राजवाड्यात घास नाही."

राजा बोले, दळ हाले. माणसांनी हुकूम ऐकला, आणि नवल असं की वस्तूंनीही ऐकला! राणीच्या झोपाळ्याच्या कड्या करकरेनात. तिच्या चांदीच्या तांब्यातून पाणी ओतलं, तर त्याचा आवाज येईना. म्हणून मीही तुम्हाला राणीचं नाव अजून सांगितलेलं नाही. सांगेन, वेळ आली की.

राजाची एक लेक होती, शेवंती. सहा वर्षांची. आई गेली तेव्हा तीच एकटी उशाशी होती. जाताना आईने तिच्याजवळ राजासाठी एक निरोप ठेवला होता. शेवंती तो द्यायला गेलीही होती. "आबा, आई म्हणाली..." एवढंच बोलली, तर राजाने हात वर केला. "नाव नको काढू." मग तो निरोप पोरीच्या पोटातच राहिला. जेवताना आडवा यायचा, हसताना आडवा यायचा. सहा वर्षांच्या पोटात मावतं किती?

असे सहा महिने गेले. मग एक दिवस राजवाड्याच्या दाराशी धनगराची एक म्हातारी आली. लखाबाई तिचं नाव. खताला म्हणून राजाच्या शेतांत तिच्या मेंढ्या बसायच्या. तिने घोंगडीतून एक पिल्लू काढलं आणि शेवंतीच्या ओंजळीत ठेवलं.

राणीची मखमल नावाची कुत्री होती, बरं का. समुद्रापलीकडची, मांडीवर मावणारी, रेशमी केसांची. राणी गेली त्याच दिवशी ती बाहेर पडली होती, ती परतलीच नव्हती.

लखाबाई म्हणाली, "मखमल आमच्या मेंढवाड्यावर हाय, मेंढरांच्या उबेला. सुखात हाय. ह्यो तिचा ल्योक. बाप आमचा राखणीचा कुत्रा, लांडग्याला न भिणारा. तुमची ठेव तुम्हांला द्यायला आले."

पिल्लू मोठं मजेशीर होतं. अंग आईसारखं लहान, पाय बापासारखे राठ. अर्धे केस रेशमी, अर्धे खरखरीत. एक कान ताठ उभा आणि एक कान खाली पडलेला. दासी तोंडाला पदर लावून म्हणाल्या, "अगंबाई, हे धड इकडचं नाही न् धड तिकडचं नाही!"

लखाबाई हसली नाही. म्हणाली, "उभा कान बापाचा. लांबचं ऐकतो. पडका कान आईचा. त्यो काय ऐकतो, ते मला ठावं न्हाई. पण पोरी, ह्याची वळख दमानं कर. माणसं तीनदा चुकतील. चुकली तरी ह्याला हाकलू दिऊ नको."

शेवंतीने त्याचं नाव ठेवलं चतकोर. कुत्र्यासाठी चतकोर भाकरी काढून ठेवतात ना, तेवढाच होता तो. दुपारी शेवंती मुक्या झोपाळ्याखाली बसायची. चतकोर यायचा, तिला टेकून बसायचा आणि पडका कान तिच्या पोटावर ठेवायचा. शेवंतीला वाटायचं, याला झोप आली असेल.

पण राजाचा हुकूम होता ना, काम नाही तर घास नाही. राजा म्हणाला, "शिकारीला न्या."

नेलं. रानात डुक्कर उठलं. शंभर कुत्रे वाऱ्यासारखे सुटले. चतकोर मात्र मागे वळला. पिराजी नावाचा म्हातारा शिकारी एका दगडावर दम खात बसला होता. चतकोर त्याच्यापाशी गेला आणि पडका कान त्याच्या गुडघ्यावर ठेवून बसून राहिला. शिकारी संध्याकाळपर्यंत हसत होते. "आळशी आहे!" पण पुढच्या आठ दिवसांत पिराजी गेला. झोपेतच गेला.

मग राजा म्हणाला, "दारावर ठेवा, राखण करील."

ठेवलं. पहिल्या दिवशी भुंकला, सगळे खूश झाले. दुसऱ्या दिवशी दार सोडून चालता झाला. शोधलं तर कुठे सापडला? जात्याच्या खोलीत. कोंडाई म्हणून दळण दळणारी होती, तिचा एकुलता एक मुलगा राजाच्या फौजेत, दूर मोहिमेवर होता. चतकोर तिच्या मांडीला कान लावून बसला होता, अंगभर पीठ. पहारेकरी म्हणाले, "भित्रा आहे, दार सोडून पळतो." आणि चौथ्या दिवशी सांगावा आला की कोंडाईचा मुलगा लढाईत पडला.

आता मात्र कुजबुज सुरू झाली. पिराजीजवळ बसला, पिराजी गेला. कोंडाईजवळ बसला, तिचा लेक गेला. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच वेळ येते, हे आपल्याला ठाऊक आहे. पण भ्यालेल्या माणसाला कोण सांगणार? त्याला प्रत्येक कावळ्यात यम दिसतो.

राजाच्या कानावर अजून हे गेलं नव्हतं. तो म्हणाला, "कशालाच येत नाही, तर दरबारात गादीवर बसवा. याची आई बसायची, तसा शोभेला."

बसवलं. लाल मखमली गादी, गळ्यात घुंगरू. दरबार भरला. सगळ्यांचे डोळे कुत्र्यावर. चतकोर क्षणभर बसला. मग गादीवरून उतरला. घुंगरू वाजवत सगळा दरबार ओलांडून गेला, सिंहासनाच्या पायऱ्या चढला आणि पडका कान राजाच्या पावलावर ठेवून बसला.

दरबार जागच्या जागी गोठला. प्रधान किंचाळला, "महाराज, पाय मागे घ्या! हे ज्याच्यापाशी बसतं, त्याच्या घरी मरण येतं!" आणि त्याने सगळं सांगितलं, तिखटमीठ लावून.

राजाचा चेहरा पांढरा पडला. त्याने पाय मागे घेतला. म्हणाला, "आज सूर्य मावळायच्या आत याला नदीपलीकडच्या रानात सोडून या."

त्या रानात बिबटे होते, पोरांनो. एवढंसं कुत्रं तिथे एक रात्रही काढू शकलं नसतं.

शेवंती रडली नाही. रडायला बंदीच होती. ती धावत गेली ती जात्याच्या खोलीत, कोंडाईकडे. कोंडाईने तरी चतकोरावर रागवायला हवं होतं, नाही का? शेवंतीने दारातूनच विचारलं, "कोंडाई, तू शाप दिलास का गं त्याला?"

कोंडाईने जात्याचा खुंटा सोडला. तिने पोरीला जवळ घेतलं.

"शाप कशापायी देऊ, माझे बाई? सांगावा यायच्या चार दिस आधीच माझ्या काळजानं मला सांगितलं होतं. पोर माझं गेलं, असं आतून उमगलं होतं. सांगू कुणाला? बोलले असते तर बाया म्हणाल्या असत्या, अभद्र बोलती. आन् रडायला तर बंदी. मी एकली ते धोंड उरावर घिऊन दळत होते. तवा हा आला न् कान लावून बसला. त्यानं मरण आणलं न्हाई गं. मी जे बोलत नव्हते, ते त्यानं ऐकलं."

"आणि पिराजी?"

"पिराजीला ठावं होतं, आपला दम सरत आलाय. म्हाताऱ्याला भ्या वाटत होतं. शिकाऱ्यानं भ्यालो म्हणून सांगायचं कुणाला? पण जाताना निवांत गेला त्यो."

शेवंतीला झोपाळा आठवला, दुपारी आठवल्या. चतकोर सगळ्यात आधी कुणापाशी बसला होता? तिच्याच पोटावर कान ठेवून बसला होता. त्याला झोप आली नव्हती तर. आणि आज तो आबांच्या पायाशी गेला होता.

सूर्य झाडांच्या शेंड्यांवर आला होता. शिपायाने चतकोराला टोपलीत घातलं होतं. शेवंतीने टोपली ओढून घेतली. शिपाई ओरडतोय, ती पळतेय. आधी ती आईच्या महालात गेली. कोनाड्यातला चांदीचा तांब्या आणि पेला घेतला, तांब्या भरला, आणि तशीच राजाच्या खोलीत शिरली. राजा एकटाच खिडकीशी उभा होता.

"आबा," ती म्हणाली, "हा मरण आणत नाही. मनातलं जे आपण बोलत नाही, ते याला ऐकू येतं. याला तुमच्यातलं काय ऐकू आलं?"

राजा गरजला, "शिपाई कुठे आहे?"

पण चतकोर टोपलीतून उतरला होता. त्याने राजाच्या पावलावर कान ठेवला. राजाने पाय मागे घेतला. चतकोर पुढे सरकला. राजाने पुन्हा पाय मागे घेतला. चतकोर पुन्हा पुढे सरकला. तिसऱ्या वेळी राजाच्या पाठीला भिंत लागली. मग राजा हळूहळू खाली बसला, जमिनीवर. सहा महिन्यांत पहिल्यांदाच नुसता बसला. चतकोर त्याच्या मांडीवर चढला आणि पडका कान त्याच्या छातीला लावला.

मग राजा म्हणाला, "तिने तीनदा बोलावलं. मी तीनदा आलोच म्हणालो. ती माझ्यावर रागावून गेली असेल, शेवंती. ती रागावून गेली, हे मला कुणाच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. म्हणून मी तिचं नाव बंद केलं. माझ्या मंजुळेचं नाव."

घेतलं त्याने नाव. मंजुळा होतं राणीचं नाव.

शेवंती म्हणाली, "आबा, आई रागावली नव्हती. मी होते ना तिथे. तिने तुमच्यासाठी निरोप ठेवलाय."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, ते येतील तेव्हा धावत आलेले असतील. शेवंते, त्यांना आधी पाणी दे."

आणि शेवंतीने तांब्यातून पेल्यात पाणी ओतलं. खळखळ आवाज झाला! सहा महिने मुकं असलेलं पाणी बोललं. राजाने दोन्ही हातांनी पेला धरला. एक घोट घेतला आणि ढसाढसा रडला. त्याच्या कुशीत शिरून शेवंतीही रडली. तिकडे रिकाम्या महालात झोपाळ्याच्या कड्या करकरल्या, तेव्हा सगळ्या राजवाड्याला कळलं की बंदी उठली. जात्याच्या खोलीत कोंडाईनेही मोठ्याने हंबरडा फोडला आणि दासी जाऊन तिच्याजवळ बसल्या.

मग काय झालं? दुसऱ्या दिवशी राजा आधी कोंडाईकडे गेला. तिच्यासमोर जमिनीवर बसला आणि तिच्या मुलाबद्दल सगळं विचारलं. तो लहानपणी कसा होता, त्याला खायला काय आवडायचं. मग दरबारात सांगितलं, "चतकोराला काम मिळालं आहे. त्याने बसायचं. ज्याच्यापाशी बसावंसं वाटेल त्याच्यापाशी. आणि तो जिथे बसेल, तिथे आपणही जाऊन विचारायचं, बाबा रे, काय झालं?"

पुढे लखाबाई आली, तेव्हा शेवंतीने तिला पडक्या कानाचं गुपित सांगितलं. म्हातारी म्हणाली, "तीनदा चुकलात न्हवं?" शेवंती म्हणाली, "तीनदा. आळशी म्हणालो, भित्रा म्हणालो, अपशकुनी म्हणालो." "बास," लखाबाई म्हणाली, "आता झाली वळख."

राजाने त्यानंतर आलोच म्हणणं सोडलं. कुणी हाक मारली की उठायचा आणि यायचा. राणी काही परत आली नाही, पोरांनो. गेलेलं माणूस येत नाही, ते मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. पण तिचं नाव राजवाड्यात रोज निघायचं. राजा, शेवंती, कोंडाई आणि तो चतकोर खूप वर्षं सुखाने नांदले.

झाली गोष्ट. आता डोळे मिटा. पोटात काही राहिलं असेल तर आत्ता सांगा, नाहीतर सकाळी सांगा. मला काही घाई नाही. झोप लागेपर्यंत मी इथेच बसले आहे.