लाल दिव्यावरची टिकली

एका गावात एक पिकअप होती, आणि त्या पिकअपची एक मालकीण होती. गाव डोंगराच्या पार डोक्यावर. थंडीत तिथं चूल पेटेपर्यंत माणसं गोधडीतून तोंड बाहेर काढायची नाहीत.

मालकिणीचं नाव सगुणा, पण पोरं तिला ‘का-काकू’ म्हणायची. तिला काहीही सांगा, ती आधी विचारणार, “का?” म्हैस आज दूध कमी का देतेय, विहिरीला कठडा गोलच का, पावशा पक्षी रात्री कुठं जातो. लग्नात भटजींनी सात पावलं चालायला सांगितली तेव्हाही तिनं विचारलं होतं म्हणे. खरं-खोटं भटजींना ठाऊक.

पिकअप पांढरी, म्हणून तिचं नाव बगळी. रोज पहाटे घराघरातल्या दुधाच्या किटल्या भरायच्या, घाट उतरून डेअरीत पोचवायच्या आणि पेंडीची पोती घेऊन वर यायचं, हे बगळीचं काम. हे करता करता बगळी इतकी पळाली होती की तिच्या पहिल्या चाकांची आठवणसुद्धा कुणाला उरली नव्हती. आताशा तिचं वय दिसायला लागलं होतं. सकाळी सुरू केली की इंजिन खडखडायचं, उभी असायची तिथं जमिनीवर तेलाचा डाग पडायचा, आणि तेलाची कांडी बाहेर काढून बघावी तर पातळी खाली गेलेली.

त्यात एकदोनदा ती वाटेत अडली आणि दूध नासलं. डेअरीच्या साहेबांनी निरोप पाठवला, “पुन्हा असं झालं तर वरच्या गावाला आम्ही आमचा टेम्पो लावू.” म्हणजे बगळी भंगारात आणि सगुणा घरात. सगुणाला स्टेअरिंग हातात असलं की जग आपलं वाटायचं.

तिचे थोरले दीर हैबतराव. ट्रॅक्टरवाले, आवाज मोठा, आणि सल्ला तयारच. ते म्हणाले, “अगं सगुणा, म्हाताऱ्या इंजिनाला घट्ट तेल लागतं. बाजारात सगळ्यात घट्ट मिळेल ते घाल. मी ट्रॅक्टरला तेच घालतो.”

“पण घट्टच का, भावजी?”

“का म्हणजे? घट्ट असलं की आवाज दबतो. एवढं साधं कळत नाही?”

सगुणानं घट्ट तेल घातलं. आणि काय सांगू, आवाज खरंच दबला. खडखड करणारी बगळी गोगलगाईसारखी गप्प झाली. पारावरची माणसं म्हणाली, “हैबतरावांचा हात लागला की काम फत्ते.” हैबतराव दिवसभर छाती काढून फिरले. सगुणाही खूश झाली. दिवसभर कुणी बगळीला नावं ठेवली नाहीत, एवढंच तिला पुरेसं वाटलं.

पण तिचं डोकं गप्प बसेल तर ती का-काकू कसली. घाट चढताना तिच्या मनात आलं, आवाज गेला खरा, पण गेला कुठं?

दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं चावी फिरवली. इंजिन कण्हत कण्हत सुरू झालं. समोर तेलाच्या चंबूचं चित्र असलेला लाल दिवा पेटला. हा दिवा नेहमीच पेटायचा, पण गाडी सुरू झाली की लगेच विझायचा. आज तो विझेना. तिनं किटल्या मोजून चढवल्या, दोरी बांधली, तरी दिवा आपला डोळे वटारून बघतोय. मग कधीतरी विझला.

तिनं हैबतरावांना सांगितलं. ते चहा पीत होते. “दिवाच आहे ना तो? चावत तर नाही?” ते म्हणाले. “तुझ्याकडे टिकलीचं पाकीट असेल. एक टिकली लाव त्यावर. दिसायचा नाही आणि जीवाला घोर नाही.”

आता तुम्ही हसाल. पण सगुणानं खरंच लावली. चांगली मोठी, मरून रंगाची. माणूस दमला, घाबरला की असंच करतो. डेअरीचा निरोप डोक्यात होता, आणि कुणीतरी ठामपणे सांगतंय याचंच तिला बरं वाटलं.

घाटभर मात्र तिचं अर्धं लक्ष रस्त्यावर आणि अर्धं टिकलीवर. आत्ता दिवा पेटला असेल का? विझला असेल का? का पेटला असेल? तान्ह्या बाळाचं तोंड दुपट्यानं झाकलं की सारखं उघडून बघावंसं वाटतं, तसं तिला झालं. शेवटी तिनं गाडी कडेला घेतली आणि टिकली नखानं खरवडून काढली. दिवा विझलेला होता. विझलेला दिवा पाहून आपल्याला धीर आला, मग झाकला कशाला होता, असं तिला वाटलं आणि स्वतःचाच राग आला.

दूध पोचवून ती थेट बाजारात मेहबूबभाईंच्या दुकानात गेली. मेहबूबभाई गाड्यांचे सुटे भाग आणि तेलं विकायचे. त्यांनी फडक्यानं पुसून एक सोनेरी डबा पुढं केला. “भाभी, हे न्या. एकदम पातळ, एकदम भारी. नव्याकोऱ्या मोटारीवाले हेच नेतात.”

“माझी गाडी नवीकोरी नाही, भाई. आणि डब्यावर हे दोन आकडे कशाचे?”

मेहबूबभाईंनी डबा फिरवून पाहिला. मग दुसरा पाहिला. “आयुष्यभर विकतोय,” ते डोकं खाजवत म्हणाले, “पण कुणी विचारलं नाही, आणि खरं सांगू, मलाही विचारावंसं वाटलं नाही.” पण माणूस मनाचा मोकळा. त्यांनी तिथल्या तिथं तेल पुरवणाऱ्या कंपनीच्या माणसाला फोन लावला आणि फोनवरचं ऐकून एकेक सांगत गेले. पहिला आकडा थंडीतला, तो जितका लहान तितकं तेल गारठ्यात लवकर धावतं. दुसरा आकडा तापल्यावरचा, तो जितका मोठा तितकं तेल तापून गेलं तरी दाटपणा राखतं. बगळीसारखी गाडी बनवणाऱ्यांनी तिला मधल्या आकड्यांचं तेल सांगितलंय. आणि त्याच आकड्यांचं एक तेल खूप पळालेल्या गाड्यांसाठी मिळतं, त्यानं इंजिनाची वाळलेली रबरं मऊ होऊन गळती कमी होते.

सगुणानं सगळं ऐकलं आणि म्हणाली, “हे मला डोळ्यांनी बघायचंय.”

मेहबूबभाईंनी खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्यांत घट्ट, पातळ आणि मधलं अशी तिन्ही तेलं थोडी थोडी ओतून दिली. सगुणानं त्या रात्रभर अंगणात दवात ठेवल्या. सकाळी तिनं तीन ताटल्या मांडल्या आणि बाटल्या एकदम आडव्या केल्या. पातळ तेल सुळकन पसरलं. मधलं सावकाश, पण न थांबता आलं. घट्ट तेल बाटलीच्या तोंडाशी येऊन आळसावलं.

हैबतराव कुंपणापाशी उभे राहून बघत होते. “हे काय चाललंय?” म्हणत आत आले आणि कधी उकिडवे बसले ते त्यांनाच कळलं नाही. सगुणानं बाटल्या उकळत्या पाण्यात ठेवून राहिलेलं तेल तापवलं आणि पुन्हा ओतलं. आता घट्ट तेलही पळायला लागलं, ते आणि मधलं दोन्ही बोटाला धरून राहत होती, आणि पातळ तेल तर पाण्यासारखं बोटांमधून निसटलं.

“म्हणजे सकाळी माझं घट्ट तेल वर चढतच नव्हतं,” सगुणा हळूच म्हणाली. “तोवर इंजिनाचं डोकं कोरडंच घासत होतं. दिवा तेच सांगत होता.”

“आणि ते पातळ?” हैबतरावांनी विचारलं. विचारल्यावर ते स्वतःच दचकले, कारण प्रश्न विचारायची त्यांना सवय नव्हती.

“घाटात तापल्यावर ते बगळीच्या सगळ्या फटींतून वाहून गेलं असतं.”

सगुणानं बाजारातल्या गॅरेजमध्ये घट्ट तेल काढून टाकलं आणि मधल्या आकड्यांचं, जुन्या गाड्यांसाठीचं तेल भरलं. दुसऱ्या पहाटे चावी फिरवली. दिवा पेटला आणि लगेच विझला. पण आवाज परत आला. खडखड, खडखड.

पारावरची माणसं हसली. “का-काकू, एवढं शिकलीस आणि म्हातारी पुन्हा कुरकुरायला लागली की.” सगुणाला लागलं ते. क्षणभर वाटलं, घालावं पुन्हा घट्ट तेल आणि बंद करावीत सगळ्यांची तोंडं. मग तिनं गाडीचं तोंड परत गॅरेजकडे वळवलं. “आवाज का येतो तेवढं बघा,” ती म्हणाली.

गॅरेजवाल्यानं इंजिनाचं झाकण उघडलं. आत ठोके देणारे छोटे भाग सैल झाले होते, झिजायला लागले होते. त्यानं ते नीट बसवले आणि म्हणाला, “ताई, वेळेत आणलीत. आवाज दाबून आणखी थोडे दिवस चालवली असती तर इंजिन घाटातच बसलं असतं, आणि मग ते कुणी उठवलं नसतं.” सगुणानं बगळीच्या बॉनेटवर हात ठेवला आणि कितीतरी वेळ काढला नाही.

त्या वर्षी थंडी हाडं फोडणारी पडली. बगळी रोज पहाटे सुरू झाली, रोज घाट उतरली. सगुणा रोज कांडी काढून तेल बघायची, आणि जमिनीवरचा डागही हळूहळू आक्रसत गेला. डेअरीचा टेम्पो वर आला नाही.

मग काय, गाव तिच्या दारात. जो तो विचारायला लागला, “का-काकू, तेलाचं नाव सांग. आम्हीही तेच घालतो.” सगळ्यात पुढं हैबतराव. “ट्रॅक्टरला घालू का तुझं तेल?”

“भावजी,” सगुणा म्हणाली, “ट्रॅक्टरला काय होतंय?”

हैबतरावांना ते माहीतच नव्हतं. ते ट्रॅक्टरपाशी गेले, तो सुरू केला, आणि त्या मोठ्या आवाजाच्या माणसानं पहिल्यांदाच कान लावून दुसऱ्या कुणाचं तरी ऐकलं.

तात्पर्य विचाराल तर एवढंच: तक्रार दाबणारा उपाय वेगळा आणि तक्रार मिटवणारा वेगळा, आणि त्यातला आपल्या हातात कोणता आहे ते ‘का’ विचारल्याशिवाय कळत नाही.