मोटेवरचा श्वास

एकदा एक मुलगी खोटं बोलून एका मठाच्या गायकवृंदात दाखल व्हायला आली. खोटं तसं लहानच होतं, पण तिनं ते इतक्या सुरात सांगितलं की ऐकणाऱ्याला ते खरंच वाटावं.

मठ नदीकाठी होता. नदी रुंद आणि संथ. मार्गशीर्ष लागला की दिवस कलताना तिच्यावर असं धुकं उतरे, की पाणी कुठं संपलं आणि आकाश कुठं सुरू झालं हे काठावर उभं राहूनही कळू नये. नेमक्या त्याच वेळी पैलतीरावरून शेवटची नाव निघे. घाटाच्या एका अंगाला काळे खडक होते आणि त्या धुक्यात दिवा लावला तरी दिसत नसे. म्हणून फार पूर्वी कुणीतरी रीत घालून दिली होती. नाव काठाला लागेपर्यंत मठातल्या चाळीस जणांनी घाटावर उभं राहून गायचं, आणि गाणं तुटू द्यायचं नाही. नावाडी डोळे मिटून त्या सुराच्या दिशेनं वल्हं मारी. देवाची सेवा आणि माणसांची सोय अशी एकाच गाण्यात होत असे.

पुढं या वृंदाची कीर्ती पसरली. दूरच्या नगरांतून शिकलेसवरलेले गवई येऊ लागले. पूर्वी रांगेत कोष्टी असत, गुराखी असत, एक लोहारही होता. ते हळूहळू मागं सरकले आणि मग दिसेनासे झाले. गाणं दिवसेंदिवस देखणं होत गेलं. नावाडी तेवढे कुरकुरत, की हल्ली सूर हरवतो. पण गाण्यातलं नावाड्यांना काय कळतं, असं म्हणून शहाण्या माणसांनी ते कानाआड केलं. मागच्या हिवाळ्यात एक नाव खडकाला घासली. माणसं वाचली, पण मठाच्या वृद्ध गुरुजींची झोप उडाली ती उडालीच.

नव्या गायकाला गुरुजी तीन प्रश्न विचारत. ती मुलगी, सगुणा, त्यांच्यासमोर येऊन बसली तेव्हाही त्यांनी तेच विचारले.

"कोणाकडं शिकलीस, बाळ?"

तिनं नगरातल्या एका थोर पंडितांचं नाव घेतलं, त्यांच्या घरी किती वर्षं राहिले, काय काय शिकले, वडील लहानपणीच कसे वारले, सगळं घडाघडा सांगितलं. खरी गोष्ट अशी, की ती दोन वर्षं त्या पंडितांच्या खिडकीखाली बसून ऐकत होती आणि पंडितांनी तिचं तोंडही पाहिलेलं नव्हतं. आणि वडील? ते पैलतीरापासून दोन कोसांवरच्या मळ्यात मोट हाकत होते, चांगले ठणठणीत.

"बरं, तुला आवडतं काय?"

"विलंबित, गंभीर गायन. हलकंसलकं मला रुचत नाही, गुरुजी."

"वा. आणि आज सकाळी, कुणी ऐकत नसताना, काय गुणगुणत होतीस?"

सगुणा दचकली. सकाळी नावेत बसल्याबसल्या तिच्या ओठांवर मोटेचं गाणं आलं होतं. शेजारच्या बाईनं पाहिलं तेव्हा तिनं ते गिळून टाकलं होतं.

"काही नाही," ती म्हणाली.

गुरुजी हसले. त्यांनी तिला रांगेत जागा दिली नाही. एक पोहरा आणि दोर दिला. "घाटाच्या वर विहीर आहे. सायंकाळचं गाणं चालू असेल तेव्हा गाईंच्या कुंडात पाणी भरत जा. पोहरा वर येईपर्यंत हात थांबवायचा नाही, एवढंच सांभाळ."

बाकीचे गवई तोंडावर उपरणं धरून हसले. सगुणाला रडू कोसळलं. गाण्याच्या ओढीनं घर सोडून आलेल्या मुलीच्या हाती पोहरा! आपलं बिंग फुटलं की काय, ही धास्ती वेगळीच.

मोटेचं गाणं ज्यानं ऐकलेलं नाही, त्याला थोडं सांगायला हवं. विहिरीपासून खाली उतरत जाणारी वाट असते, तिला धाव म्हणतात. बैल धावेवरून उतरू लागले की कातड्याची जड मोट पाण्यातून वर येऊ लागते, आणि मोटकरी ताणलेल्या नाड्यावर, म्हणजे मोटेच्या जाड दोरावर, बसून गातो. मोट वर येईपर्यंत त्याला सूर सोडता येत नाही, कारण गाणं तुटलं की बैल थबकतात आणि भरली मोट अधांतरी लोंबत राहते. पाणी धो धो ओतलं जातं तेव्हाच काय तो दम घ्यायचा. सगुणा चालायला लागली त्याच्या आधीपासून वडिलांच्या पुढ्यात बसून हे गाणं म्हणत होती. पंडितांच्या खिडकीखाली ती पुष्कळ शिकली, ते तिला मनापासून आवडलंही. पण डोळ्यांत पाणी आणणारं गाणं जगात एकच होतं, आणि त्याचीच तिला लाज वाटत होती.

म्हणून रोज सायंकाळी ती ओठ घट्ट मिटून पाणी ओढी. दोराला हात लागला की गाणं घशाशी येई आणि ती ते परत आत लोटी. असा पंधरवडा गेला.

एके दिवशी मठात फुलं आणणारी माळीण म्हणाली, "पलीकडं एक म्हातारा मोटकरी नावंची वाट बघत बसलाय. लेक मठात गाती म्हनतोय. कुनाचा गं बाप?"

"मला काय ठाऊक," सगुणा म्हणाली. आणि मनात म्हणाली, देवा, आज नाव न येवो.

त्या सायंकाळी धुकं उतरलं ते कापसासारखं दाट. घाट बुडाला, झाडं बुडाली, खाली उभी असलेली माणसंही दिसेनाशी झाली, आणि नुसतंच गाणं उरलं. जणू कुणीच गात नाही आणि धुक्यालाच कंठ फुटला आहे. सगुणा विहिरीवर उभी राहून पोहरा ओढत होती. उंचावरून तिला जे ऐकू आलं, ते घाटावरच्या कुणालाच ऐकू येत नव्हतं. दर ओळ संपली की चाळीस जण एकदम श्वास घेत होते, आणि पापणी लवावी तेवढा वेळ नदीवर काहीच नसायचं. त्या पोकळीनंतर नावाड्याची हाक यायची. पहिली हाक समोरून आली. दुसरी थोडी बाजूनं. तिसरी खडकांच्या अंगानं.

आपणच मागितलेलं आपल्याला मिळतं आहे, हे तिला कळलं तेव्हा पोहरा निम्म्यावर होता. तिनं तोंड उघडलं.

"चाल रं हरण्या, चाल रं ऽ ऽ,
मळा तहानला, चाल रं ऽ ऽ..."

हात दोर ओढत होते आणि सूर लांबत होता. खाली चाळीस जणांचा श्वास आला आणि गेला, तिचा सूर तसाच पुढं चालला. पोहरा वर आला, कुंडात पाणी पडलं, तेवढ्यात तिनं दम घेतला. त्या वेळी खाली गाणं भरात होतं. पुन्हा पोहरा सोडला, पुन्हा ओढला. किती पोहरे झाले कोण जाणे. हाताची सालटी निघाली. मग घाटाच्या पायरीला लाकूड टेकल्याचा आवाज आला, आणि गाणं थांबलं.

ओलं कांबळं पांघरलेला म्हातारा पायऱ्या चढून थेट विहिरीकडं आला.

"सगू, नावाड्याला म्या म्हनलं, त्यो वरचा सूर धर, ती माझी लेक हाय." थोडा दम खाऊन तो म्हणाला, "खालचं गानं लई ग्वाड हुतं गं. पन घडीघडीला थांबायचं. बैल उभंच ऱ्हायलं असतं."

सगुणानं त्याचे पाय धरले. "आबा, म्या हितं सांगितलं, बाप मेलाय म्हनून."

म्हाताऱ्यानं वाकून तिला उठवलं. मग तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "मग आता जित्ता झाला म्हनून सांग."

काठी टेकत गुरुजी वर आले. त्यांच्यामागं सगळे गवई. सगुणानं डोळे पुसले. "गुरुजी, मी खोटं बोलले."

"ते मला पहिल्याच दिवशी कळलं. एवढं लांबलचक खोटं तू एका दमात सांगितलंस. नगरात शिकलेल्याला मध्ये तीनदा तरी श्वास घ्यावा लागला असता."

सगळे हसले. एका गवयानं विचारलं, "मग हिला विहिरीवर का ठेवलंत? रांगेत का नाही?"

गुरुजी विहिरीच्या काठावर बसले. "तुम्ही सारे एकाच तऱ्हेनं शिकलात, म्हणून सुंदर गाता, आणि म्हणूनच एकाच जागी श्वास घेता. दोष तुमचा नाही. गुराखी आणि कोष्टी मागं सरकत होते तेव्हा मी बघत राहिलो, दोष माझा. अरे, वृंदाचं गाणं अखंड असतं ते काय कुणाला श्वास लागत नाही म्हणून? प्रत्येक जण वेगळ्या जागी श्वास घेतो, म्हणून ते अखंड राहतं. आणि वेगळ्या जागी श्वास घ्यायचा तर माणूस वेगळ्या जागेहून आलेला असावा लागतो. हिला रांगेत उभं केलं असतं, तर चार दिवसांत ही तुमच्यासारखी झाली असती. हिचं गाणं हिनंच खोल दडवून ठेवलं होतं. ते दोरानंच वर यायचं होतं."

मग ते सगुणाकडं वळले. "आता पुन्हा विचारतो. कोणाकडं शिकलीस?"

तिनं वडिलांचा घट्टे पडलेला हात हातात घेतला. "यांच्याकडं. आणि एका खिडकीखाली."

"आवडतं काय?"

"मोटेचं गाणं," ती म्हणाली, आणि तिला हसू आलं. "आणि विलंबितही. ते मात्र खोटं नव्हतं, गुरुजी."

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी तिसरा प्रश्न, कुणी ऐकत नसताना काय गुणगुणता हा, चाळीसही जणांना पुन्हा विचारला. आधी सगळे लाजले. मग एकाला आईचं कांडणाचं गाणं आठवलं, दुसऱ्याला आजोळच्या मेंढपाळांची साद. सायंकाळी एकेचाळीस जण घाटावर उभे राहिले. धुकं उतरलं, नाव निघाली, गाणं सुरू झालं. गाण्यानं श्वास कुठं घेतला, हे त्या दिवशी कुणालाच सांगता आलं नसतं.

पायरीवर बसलेला म्हातारा डोळे मिटून ऐकत होता. नाव सरळ घाटाला लागली तेव्हा तो शेजारच्या माळिणीला म्हणाला, "आता बैल थांबायचं न्हाईत."